आरसीटी मोजक्याच असतील तर?

चिपळूणकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली एक तरुण डॉक्टर प्रबंध अडला म्हणून माझ्याकडे आली. विषय होता विंचूदंशावरच्या उपचारांचा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे आधी झालेले अभ्यास ठरलेल्या निकषांनी शोधून, पारखून एकत्र मांडणं. अडचण आरसीटींची होती, म्हणजे चिठ्ठी टाकावी तसे रुग्ण गटांत वाटून केलेल्या चाचण्यांची. "मॅडम, आरसीटी अगदीच मोजक्या आहेत. गाईड म्हणतात, त्याच घे. मला वाटतं, मिळतील ते सगळे अभ्यास घ्यावेत. नाहीतर लिहू काय?"

ही धास्ती मी अनेकांच्या चेहऱ्यावर पाहते. पण आकडा भरायचा म्हणून अभ्यास गोळा करणं मला पटत नाही. आधी तिला प्रश्न लिहायला लावला. "विंचूदंशावर कोणता उपचार चांगला?" या एका ओळीत दोन प्रश्न अडकले होते.

पहिला, प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने जीव वाचतात का? महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात ते वापरायला घेतलं आणि मृत्यू झपाट्याने घटले. त्यानंतर ते न देता एखाद्या रुग्णाला नुसतं बघत कोण बसेल? म्हणजे इथे आधीच्या आणि नंतरच्या रुग्णांची तुलना करणारे अभ्यास घ्यावेच लागतील. पण त्याच काळात रस्ते सुधारले असतील, रुग्ण लवकर पोचू लागले असतील, तर त्याचंही श्रेय औषधाला जातं. म्हणून प्रत्येक अभ्यासातला पूर्वग्रहाचा, म्हणजे निकाल एका बाजूला झुकण्याचा, धोका रॉबिन्स-आय या आरसीटी नसलेल्या अभ्यासांसाठीच्या साधनाने तपासायचा आणि आरसीटीच्या आकड्यांत हे आकडे मिसळायचे नाहीत.

दुसरा, प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिली तर? इथे आरसीटी शक्य होती, आणि महाडलाच झाली. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ७० रुग्ण होते आणि प्राझोसिन दोन्ही गटांना मिळालं. दहा तासांत बरे झालेले रुग्ण प्रतिविषाच्या गटात ३५ पैकी ३२, दुसऱ्यात ३५ पैकी ८. या प्रश्नापुरतं गाईडचं म्हणणं मला मान्य आहे. मात्र प्रतिविषाची क्वचित येणारी तीव्र रिअ‍ॅक्शन ७० जणांत दिसेलच असं नाही. तिच्यासाठी मोठी निरीक्षणात्मक नोंद लागते, आणि त्या नोंदीत एकूण किती जणांना प्रतिविष दिलं तेही हवं.

"पण काही पेपर मी आधीच वाचलेत," ती हळूच म्हणाली. मग तेही प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे रिव्ह्यूच्या आधी लिहायच्या आराखड्यात लिही, म्हटलं. निकाल बघून निकष ठरवले, ही शंका वाचकाला येते, ती तिथेच मिटते.

पुढच्या मसुद्यात तिने दोन प्रश्न वेगळे मांडले, प्रत्येकासमोर अभ्यासाचा प्रकार आणि त्याचं कारण लिहिलं. एकेका रुग्णाचे केस रिपोर्ट तिने स्वतःहून वगळले होते. गाईडनी त्यावर सही केली.