लाईट गेली की टेप करायला घे

प्रश्न : ताई, मी गंगाखेडची. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. युवक महोत्सवात दोनदा एकांकिका केली. आता एका मालिकेसाठी सेल्फ टेप (घरीच फोनवर केलेला ऑडिशनचा व्हिडिओ) मागितली आहे, चार दिवसांत पाठवायची. दोन पानांचा सीन आहे, आई आणि मुलीचं भांडण. घर पत्र्याचं, लाईटचा भरवसा नाही, फोन दादाचा. सेल्फी कॅमेऱ्याने करून बघितलं तर डब्यात बोलल्यासारखा आवाज आला. आणि राग आला की मी "काय करायलीस" म्हणून जाते, कागदावर "काय करतेयस" आहे. अशी टेप पाठवू का नको?

उत्तर : पाठव. तुझ्या पत्रातली एकही अडचण टेप थांबवण्याएवढी मोठी नाही.

आधी आवाजाचं बघू, कारण चित्र जरा मळकट असलं तरी माणूस बघतो, शब्द कळले नाहीत तर पुढची टेप लावतो. पत्र्याच्या खोलीत आवाज पत्र्यावर, भिंतीवर, फरशीवर आपटून परत फोनमध्ये शिरतो. तू ज्याला डबा म्हणतेस तो हाच. घरात गोधड्या असतील तेवढ्या काढ. एक दोरीवर टाकून फोनच्या मागे टांग, एक पायाखाली अंथर, एखादी बाजूच्या भिंतीला. फोन तुझ्यापासून चार-पाच फुटांवर ठेव, लांब ठेवून झूम करू नकोस. दुपारी टेप करूच नकोस. पत्रा तापताना आणि निवताना कडकड वाजतो, तो आवाज नंतर काढता येत नाही.

आणि लाईट गेली म्हणून रडू नकोस. लाईट गेली की पंखा बंद, शेजारचा कूलर बंद, गिरणी बंद, पाण्याची मोटर बंद. आपल्या गावात एवढी शांतता एरवी कधी मिळते? माझ्या बऱ्या झालेल्या तीन टेपा भारनियमनातल्याच आहेत. फोन तेवढा आधी चार्ज करून ठेव आणि विमान मोडवर टाक, नाहीतर भांडण रंगात आलं असताना दादाच्या मित्राचा फोन येईल.

उजेडाला लाईट लागतच नाही. सकाळी आठ-साडेआठला ओसरीत बस, तोंड अंगणाकडे, ऊन अंगावर न घेता. अंगणातून येणारा पसरट उजेड चेहऱ्यावर छान पडतो, डोळेही दिसतात. दाराकडे पाठ केलीस तर चेहरा काळा पडेल. मागची भिंत मोकळी असावी, कॅलेंडर काढून ठेव. भिंतीपासून तीन फूट पुढे ये म्हणजे सावली मागे दिसणार नाही. रात्रीच करावी लागली तर एक ध्यानात ठेव. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे काही एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण व्हिडिओत पट्टे सरकतात. फोनमध्ये सेकंदाला २५ फ्रेमची (चित्रांची) सोय असेल तर ती घे, नसेल तर दिवा बदलून बघ.

फोन आडवा, तुझ्या डोळ्यांच्या उंचीला. ज्वारीच्या पोत्यावर पाट, पाटावर डबा, डब्याला टेकवून फोन, एवढं बास. छातीपासून डोक्याच्या वर बोटभर जागा राहील एवढंच चित्र. भिंग सुती फडक्याने पूस. स्क्रीनवर दिसणाऱ्या तुझ्या चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथेच राहतो, मध्येच चित्र काळवंडत नाही की पांढरं पडत नाही.

आता मुख्य गोष्ट. सेल्फी कॅमेरा सोड, मागचा वापर. मागच्याने चित्र चांगलं येतं हे आहेच, पण मी सांगतेय ते तुझ्या डोळ्यांसाठी. माझी पहिली टेप मी सेल्फी कॅमेऱ्यावर केली होती. चार दिवसांनी निवड करणाऱ्या मुलीचा फोन आला. म्हणाली, "ताई, तुम्ही समोरच्याचं ऐकतच नाही, तुमची पाळी कधी येते ते बघताय." मी टेप परत लावली. खरंच होतं. माझी नजर दर वाक्याला स्क्रीनवर, माझ्याच चेहऱ्यावर जात होती. तो फोन आला नसता तर मी अजून तशाच टेपा पाठवत राहिले असते.

म्हणून दादाला फोनला खेटून बसव, त्याचे डोळे भिंगाच्या उंचीला. तू भिंगात बघायचं नाही, त्याच्याकडे बघायचं. त्याने आईची वाक्यं हळू वाचावीत, कारण माइक त्याच्याजवळ आहे, मोठ्याने वाचलं तर टेपभर तोच ऐकू येईल. त्याने अभिनय करू नये, पण घाईही करू नये. आई बोलत असते तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर काय होतं, हेच बघायला त्यांनी टेप मागितली आहे. लहानपणी मी संभाजीनगरला प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचा एकपात्री प्रयोग पाहिला होता. एकटा माणूस ५२ जणांना उभं करायचा. समोर कुणी नसायचं, तरी ते कुणाकडे बघतायत, तो केवढा उंच आहे, ऐकून तो चिडलाय का, सगळं त्यांच्या नजरेत दिसायचं. तुझ्याजवळ तर दादा आहे.

बोलीचं. पहिला टेक कागदावर आहे तसाच कर. ती मुलगी कुठल्या घरातली हे लेखकाने ठरवलंय, त्याचा मान ठेव. त्यांनी दोन टेक चालतील म्हटलं असेल तर दुसरा तुझ्या बोलीत कर आणि तसं सांगून पाठव. "करायलीस" ही चूक नाही. आपल्या आया असंच भांडतात, आणि त्या वाक्यात तुझा राग कसा येतो हे कुणीतरी बघितलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पाठवताना व्हॉट्सॲपवर गॅलरीतून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर व्हिडिओ दाबला जाऊन धूसर होतो. ड्राइव्हची लिंक देणार असशील तर ती कुणालाही उघडेल अशी कर आणि आधी आईच्या फोनवर उघडून बघ. फाइलला तुझं नाव आणि भूमिकेचं नाव दे.

प्रश्न : मी औशाचा, निवृत्त शिक्षक, वय ६१. आजोबांच्या भूमिकेसाठी ओळखीची टेप मागितली आहे, सोबत नोंदणीचे अडीच हजार. काय बोलावं?

उत्तर : सर, पैसे भरू नका. काम देणारे ऑडिशनसाठी पैसे घेत नाहीत, जे घेतात त्यांच्याकडे सहसा काम नसतं. हा नंबर सोडून द्या.

टेप मात्र करून ठेवा, दुसरीकडे लागेल. नाव, वय, उंची, गाव, कोणत्या भाषा येतात, एवढं भिंगात बघून सांगा. मग डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही हात पुढून-मागून. पाठ केल्यासारखं नको, वर्गात नव्या पोरांना पहिल्या दिवशी नाव सांगायचात तसं. शुभ्र सदऱ्याने चेहरा काळवंडतो आणि बारीक रेघा व्हिडिओत थरथरतात, म्हणून फिका निळा सदरा घाला. मिशी आहे तशीच राहू द्या.