आजोबांचं क्लॅरिनेट सांगायचं आणि काउंटर लपवायचं?

पत्र : आजोबांना जाऊन पौषात वर्ष होईल. ते लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि स्टेशनकडच्या एका परमिट रूममध्ये काउंटरला पेग भरायचे. वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी आठवणींचा कार्यक्रम ठेवलाय. काका म्हणतात, पत्रिकेत ‘ज्येष्ठ वादक’ एवढंच छापा, बारचं नाव नको. मला ते पटत नाही. माळ्यावर क्लॅरिनेट, त्यांच्या वादनाच्या दोन कॅसेटी आणि पेग मेजर सापडलंय. काय करू? – नात, सोलापूर

काकांशी वाद नंतर घाल. आधी कॅसेटी खाली आण. पत्र्याखालच्या माळ्यावर त्यांना सोलापूरचा आणखी एक उन्हाळा काढायला लावू नकोस.

कॅसेट सापडली की लगेच टेपमध्ये घालायची घाई सगळेच करतात. फितीवर पांढुरकी बुरशी असेल तर अजिबात लावू नकोस. ती टेपच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, लागते आणि दुसरी कॅसेटही जाते. फीत साफ असेल तर वरच्या कडेच्या दोन्ही छोट्या पट्ट्या मोडून टाक, म्हणजे चुकून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं तरी वादन पुसलं जाणार नाही. मग एकदा शेवटपर्यंत पुढे, एकदा पूर्ण मागे. अडकली तर ओढू नकोस. फितीला मागून दाबणारा फेल्टचा तुकडा जागेवर आहे का तेही बघ. तो गळून पडला की आवाज दबका येतो आणि लोक कॅसेटला नावं ठेवतात. टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून वाळू दे. स्पीकरसमोर मोबाइल धरून काही होत नाही. टेपच्या लाइन-आउटमधून, म्हणजे आवाज बाहेर देणाऱ्या खाचेतून, वायर संगणकाला जोड. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये कर, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सी-९० कॅसेटीला दीड जीबीच्या आसपास जागा लागेल. नातेवाइकांना एमपीथ्री पाठव, मूळ फाइल दोन ठिकाणी ठेव.

क्लॅरिनेट वाजवून बघायचा मोह आवर. रेषा दिसत असतील तर ते लाकडी आहे, भेगा शोध. काळा रंग हिरवट-तपकिरी झाला असेल तर बहुतेक एबोनाइट, म्हणजे कडक रबर. त्याला गरम पाणी लावू नकोस. सांधे घट्ट बसले असतील तर पिरगाळू नकोस, कॉर्क सुकलेले असतात. जुनी रीड, म्हणजे तोंडाकडची वेताची पातळ पट्टी, आठवण म्हणून डबीत ठेव, तोंडात नको. कार्यक्रमात कुणी वाजवणार असेल तर आधी भोकं झाकणारे पॅड आणि कॉर्क दुरुस्त करून घ्या, आणि लाकडी असेल तर पहिले काही दिवस रोज ५-१० मिनिटंच. इतकी वर्षं कोरडं पडलेलं लाकूड एकदम ओलं झालं की तडकतं.

आता पत्रिका. बँडचं कॅलेंडर मुहूर्तांवर चालतं. तुळशीच्या लग्नानंतर सुपाऱ्या सुरू होतात, आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की बंद. मधे गणपती-नवरात्र सोडलं तर वादकाच्या घरी चूल कशावर पेटणार? काउंटरचा पगार मात्र दर महिन्याला. तुझ्या आजोबांचं गणित नेमकं काय होतं ते आजींना विचार, पण माझा अंदाज असा की क्लॅरिनेट विकायची वेळ आली नाही ती त्या काउंटरमुळे. काकांना हेच सांग, तत्त्वाच्या गोष्टी सांगू नकोस. आणि काउंटर म्हणजे काही झिंगणं नव्हे. ३० आणि ६० मिलीचं माप, समोर हिशेब, आणि ज्याला बास झालं त्याला गोडीनं ‘आता घरी जावा मालक’ म्हणणं. या कामाला डोकं ताळ्यावर लागतं.

पत्रिकेत साधं छापा : ‘बँडमधील क्लॅरिनेटवादक, परमिट रूममधील काउंटरमन.’ बारचं नाव लागत नाही. पेग मेजर श्राद्धाच्या विधीजवळ नको, तिथे आजींचा शब्द शेवटचा. संध्याकाळी क्लॅरिनेटशेजारी खुशाल ठेव.

बँडमधल्या जुन्या सोबत्यांना ‘आजोबा कसे होते’ विचारलंस तर ‘देवमाणूस’ एवढंच मिळेल. वरात कुठे थांबायची, फर्माईश कोण करायचं, पैसे कसे वाटले जायचे, हे विचार. परमिट रूमच्या मालकांकडे नोकरनाम्याची प्रत माग. बारमध्ये कामाला उत्पादन शुल्क खात्याचा तो कागद लागतो, आणि तारखेनिशी आजोबांचं नाव तिथे मिळू शकेल. याच आठवड्यात जा. जुन्या फाइली दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात.