मधले दिवस मोजलेस का?

प्रिय बाय,

तू पाठवलेला, तुमच्या गोव्यातल्या नाटक-नृत्य विभागाच्या सीझनचा कागद दोनदा वाचला. जुलै ते मार्च, चार नाटकं, तीन नृत्याच्या संध्याकाळी, एक लोककलेचा दिवस आणि वर एक वर्कशॉप, म्हणजे नऊ कार्यक्रम, आणि विभागात पोरं किती तर चाळीस, त्यातली अर्धी स्टेजवर. नाटकं छान निवडलीत, त्यावर मी काही बोलत नाही, ते तुमचे सर बघतील. मी आपला आयुष्यभर विंगेत उभा राहिलेला माणूस, मला असल्या कागदावर एकच गोष्ट दिसते, दोन कार्यक्रमांच्या मधे किती दिवस ठेवलेत. तुझ्या कागदावर दोन ठिकाणी शून्य आहेत.

शनिवारी रात्री नाटकाचा शेवटचा प्रयोग आणि रविवारी संध्याकाळी भरतनाट्यम असं लिहिलंयस. आता बघ, प्रयोग साडेनऊला संपतो, मग मेकअप उतरवणं, आईबाबांबरोबर फोटो, कोणीतरी आणलेली भजी, असं करत अकराला सेट उतरवायला हात लागतात, फ्लॅट (सेटच्या उभ्या भिंती) आणि लेव्हल (लाकडी चौथरे) टेम्पोत चढेपर्यंत दीड वाजतो. बरं, नाटकाचे लाईट मुख्यतः समोरून असतात, तोंड दिसायला हवं ना. नृत्याला बाजूने लाईट लागतो, विंगेत स्टँड उभे करून गुडघ्याच्या, कमरेच्या आणि डोक्याच्या उंचीवर, तेव्हा कुठे शरीराची रेघ उठते, नुसता समोरून मारलास तर अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धी बसलेली मुलगी पुठ्ठ्यावर चिकटवल्यासारखी दिसते. म्हणजे सगळं परत लावायचं, परत फोकस करायचं, क्यू शीट, म्हणजे कुठला लाईट कधी लागणार त्याची यादी, नवीन लिहायची, आणि त्यानंतर मुलींना त्या लाईटमधे एकदा तरी पूर्ण नाचून बघायचं असतं. रात्रभर जागलेल्या लाईटवाल्याकडून हे एका दुपारी करून घेणार तू? तो करेलही, बिचारा नाही म्हणत नाही, पण मग दुसऱ्या आयटमला चुकीचा स्पॉट लागला की त्याच्यावर ओरडायचं नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आम्ही पोरं होतो तेव्हा असाच सलग दोन दिवसांचा कार्यक्रम ठेवला होता, सेट उतरवायचं काम माझ्याकडे होतं, घाईत उतरवला, केरसुणी फिरवली आणि झोपायला गेलो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच आयटममधे एका मुलीच्या तळपायात खिळा गेला. एक इंचाचा खिळा, आमच्याच फ्लॅटचा. तिने आयटम पूर्ण केला, आम्हाला विंगेतून कळलंच नाही, ती आत आल्यावर लाकडावर लाल ठिपके दिसले तेव्हा कळलं. चूक सगळी माझी होती, तिने मला कधी बोल लावला नाही आणि त्यामुळे ते जास्त लक्षात राहिलं. त्यानंतर मी एका काठीला जुन्या स्पीकरमधलं चुंबक बांधलं आणि झाडून झालं की ती काठी स्टेजवर इकडून तिकडे फिरवायची सवय लावून घेतली. प्रत्येक वेळी दोन-चार खिळे निघतातच, झाडून झाल्यावरसुद्धा.

असो. आता कॅलेंडर.

तुमचं प्लॅनिंग करणाऱ्याने बहुतेक सरकारी सुट्ट्यांची यादी समोर ठेवलेली दिसते, पण गोव्याचं खरं कॅलेंडर त्या यादीत नसतं. चतुर्थी कधी ऑगस्टअखेर येते कधी सप्टेंबरच्या मध्यावर, आणि त्याच्या आधीचे आठ दिवस आणि नंतरचे आठ दिवस तालमीला कोणी येणार नाही हे आत्ताच मान्य कर, काणकोण-पेडण्याची, म्हणजे गोव्याच्या दोन टोकांची पोरं घरी गेली की माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट) बांधण्यापासून आरत्या संपेपर्यंत हातात सापडत नाहीत. दिवाळीच्या आधी मुलगे नरकासुराचे पुतळे करायला गायब होतात (तुझा नायकही, तो काहीही सांगू दे). 20 नोव्हेंबरपासून पणजीत इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, त्या दिवसांत हॉल मागूच नकोस. आणि कार्तिकापासून पुढे जत्रा सुरू झाल्या की गावागावांत उत्सवी नाटकं लागतात, मग ऑर्गनवाला, तबलजी, मेकअपमन, कपडेपटवाला सगळे रात्री कुठल्या ना कुठल्या देवळासमोर असतात. तू फेब्रुवारीत संगीत नाटक ठेवलंयस, साथीदारांशी बोललीस का? आज फोन कर, जानेवारीत केलास तर ते गोड आवाजात नाही म्हणतील.

जुलैचा प्रयोग मात्र मला मुळीच पटला नाही. तुमचा तालमीचा हॉल पत्र्याचा आहे, पाऊस लागला की समोरच्याचं वाक्य ऐकू येत नाही, पोरं ओरडून बोलायला शिकतात आणि मग तेच ओरडणं प्रयोगात येतं. दमट हवेत तबल्याचं चामडं उतरतं, दर थोड्या वेळाने सुरात आणायला लागतो. लाईट जाते ते वेगळंच. जुलैमधे वर्कशॉप घ्या, वाचन घ्या, नारळ फोडा, प्रयोग डिसेंबरकडे ढकला.

लोककलेच्या दिवसात रणमाले, जागर ही लोकनाट्यं आणि धालो, फुगडी हे बायकांचे नाच, सगळं एका संध्याकाळी, प्रत्येकी बारा मिनिटं, असं लिहिलंयस. यावर मी जरा रागावलो हे खरं. धालो बायका पौषात मांडावर, म्हणजे गावातल्या ठरलेल्या अंगणात खेळतात, तो मांड त्यांच्यासाठी देवाची जागा आहे, तिथे चपला घालून जात नाहीत. त्याला हॉलमधे आणून बारा मिनिटांत कापलं की उरतात ते सारख्या रंगाच्या साड्या आणि टाळ्या. त्यापेक्षा एकच प्रकार घे. रणमाले घे, शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या दिवसांत पोरांना सत्तरी तालुक्यात झर्मे गावी घेऊन जा, गावच्या लोकांना आधी विचारून, आणि रात्रभर बघू दे. रामायण-महाभारतातली कथा, मागे गाणारे उभे, पात्रं एकेक करून येतात आणि नाचतच प्रवेश करतात. तुमच्या विभागात नाटकवाले आणि नृत्यवाले वेगळ्या बाकांवर बसतात ना, तिथे त्यांना हे दोन्ही एकाच माणसाच्या अंगात दिसेल. मग परत आल्यावर काय करायचं ते पोरंच ठरवतील.

हॉलबद्दल थोडक्यात. कला अकादमीचं मोठं नाट्यगृह मिळावं असं सगळ्यांनाच वाटतं, मांडवीच्या काठावरची ती चार्ल्स कोरियाची 1983ची इमारत, तिथे नाव लागलं की घरचे खूश. पण तुमचे प्रेक्षक दीडशे. मोठ्या नाट्यगृहात दीडशे माणसं विखुरली की नटाला वाटतं नाटक पडलं, तीच माणसं ब्लॅक बॉक्समधे, म्हणजे तिथल्या छोट्या प्रायोगिक हॉलमधे बसवलीस तर हशा अंगावर येतो. आणि लेखकाची लेखी परवानगी प्रत्येक नाटकाला घे, मानधन किती आणि किती प्रयोगांसाठी ते त्यात लिहून घे, फोनवरचं हो धरू नकोस.

तर नऊचे पाच कर. तुझे सर नाही म्हणतील, रिपोर्टमधे नऊ चांगले दिसतात. त्यांच्यासमोर कागद ठेवताना कार्यक्रमांची यादी देऊ नकोस, मधल्या दिवसांची दे, कुठल्या दिवशी सेट उतरणार, कोण उतरवणार, कुठल्या दिवशी फोकस, कुठल्या दिवशी रंगीत तालीम, आणि कुठल्या दिवशी कोणीच काही करणार नाही. नावं घालून दे. चाळीस नावं नऊ वेळा लिहायला घेतलीस की त्यांना स्वतःलाच दिसेल.

आईला नमस्कार सांग. रविवारी मी घरी आहे, चुंबकाची काठी माळ्यावरून काढून ठेवलीय, येऊन घेऊन जा, आणि येताना स्कूटर नको आणू, काठी साडेचार फूट लांब आहे.

तुझा,
काका