बेकरीतल्या नानकटाईची चव घरी कशी आणायची?

प्रश्न: ताई, आमची आजी मे महिन्यात पीठ-तूप-साखर घेऊन मंगळवार पेठेतल्या बेकरीत जायची, नानकटाईचा पत्र्याचा डबा भरून आणायची आणि चारच्या चहाला मोजून दोन द्यायची. मी ओव्हनमध्ये करते तर सगळी पसरून चपटी होते, काय चुकतंय?

उत्तर: अगं, तूप पातळ झालंय तुझं! मेमधल्या कोल्हापूरच्या उन्हात तूप वितळतंच, म्हणून आधी फ्रिजमध्ये थिजवून घे. एक वाटी तूप नि एक वाटी पिठीसाखर हातानं फेसत राहायचं, पांढरं शुभ्र हलकं होईपर्यंत, थेंब पाण्यात टाकला की तरंगला पाहिजे, इथं घाई अजिबात नको. मग दोन वाट्या मैदा, चिमूटभर सोडा, वेलची. गोळे करून अर्धा तास परत फ्रिजमध्ये ठेव, ओव्हन तोवर 160 डिग्रीला तापू दे, आणि 18-20 मिनिटं भाज. बाहेर काढल्यावर मऊ लागते, कच्ची राहिली म्हणून परत आत ढकलू नकोस, गार झाली की खुसखुशीत होते. आणि डबा मात्र आजीचा तोच पत्र्याचा घे, झाकण उघडलं की वेलची-तुपाचा जो वास येतो ना, त्यासाठीच तर आपण पोरं दुपारभर जागी असायचो.