नाइट ड्यूटी आणि पहाटे पाचची प्रार्थना

प्रिय भगिनी,

सप्रेम जय ख्रिस्त. वयाने मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते.

तू पुण्यात स्टाफ नर्स. महिन्याला आठ-दहा नाइट, दोन शाळकरी मुलं, घरी सासूबाई. लहानपणी नगरला तुझे वडील पहाटे पाचला सगळ्यांना उठवून प्रार्थनेला बसवत. तुला ते जमत नाही. वर्षात बायबल वाचून काढायचं म्हणून जानेवारीत सुरुवात केलीस आणि तिसऱ्याच पुस्तकात, लेवीयमध्ये, अडकलीस. रात्री नऊची कौटुंबिक प्रार्थनाही मोडली. सासूबाई म्हणतात, "या घरात प्रार्थना कधी चुकली नव्हती." आणि तू विचारतेस, "माझा विश्वास आटत चाललाय का?"

नाही गं. ज्याचा विश्वास आटतो, तो असं चार पानी पत्र लिहीत बसत नाही.

पहाटे पाच ही तुझ्या वडिलांच्या दिनक्रमातली वेळ होती. त्यांना रात्रभर वॉर्डात उभं राहावं लागत नव्हतं. बायबलमधला संदेष्टा एलिया रतामाच्या झुडपाखाली "आता पुरे, माझा जीव घे" म्हणून आडवा झाला, ते 1 राजे 19 पुन्हा वाच. देवदूताने त्याला प्रार्थना कमी पडली म्हणून सुनावलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं, खाऊ दिलं, झोपू दिलं, परत उठवून खाऊ घातलं. नाइट करून आलीस की आधी जेव आणि झोप. उठल्यावर हात जोड.

आता ड्यूटीचं. तुम्हाला 40 ते 60 सेकंद हात धुवायला शिकवतात ना? प्रभूची प्रार्थना सावकाश म्हटली की तेवढ्यातच बसते. नळ सोडताना "हे आमच्या स्वर्गातील पित्या", बोटांच्या बेचक्यांत साबण चोळताना रोजची भाकर, पाणी निथळेपर्यंत आमेन. मग ज्या बेडकडे निघालीस त्या पेशंटचं नाव मनात घे. दर वेळी नको, ते दोन दिवसांत सुटेल आणि पुन्हा तू स्वतःला बोल लावशील. ड्यूटीवरचं पहिलं आणि शेवटचं हात धुणं, एवढंच ठरव.

हे मी पळवाट म्हणून सांगत नाही. 17व्या शतकात पॅरिसच्या कार्मेल पंथाच्या मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे मठवासी होते. वाट्याला स्वयंपाकघर आलं, आणि त्या कामाची तर मुळातच नावड. तरी भांड्यांच्या खणखणाटात मी देवाजवळ तितकाच असतो, जितका वेदीपुढे गुडघे टेकल्यावर, असं ते सांगत. एकदम नाही जमलं त्यांना. आधीची कित्येक वर्षं तळमळीत गेली.

लेवीय सध्या मिटून ठेव. स्तोत्र 120 ते 134 घे. सणाला यरुशलेमेला चढून जाणारे यात्रेकरू ती वाटेने म्हणत, असं मानतात. आपल्याकडे वारीत अभंग म्हणत चालतात तसं. बहुतेक अगदी छोटी आहेत. बसमध्ये एक वाच, आठवडाभर तेच, पाठ होईपर्यंत. 121वं तर नाइटवाल्यांचंच आहे: तुला राखणारा झोपत नाही, डुलकीही घेत नाही. पहाटे तीनला, वॉर्ड शांत असताना आणि डोळे मिटत असताना, ते म्हणून बघ.

नऊची प्रार्थना सासूबाईंच्या हाती दे. "आई, आजपासून तुम्ही घ्या, पोरांना उपासना संगीताच्या पुस्तकातलं रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं गीत शिकवा," असं स्वतः जाऊन सांग. त्यांच्या बोलण्यात मला टोमण्यापेक्षा एकटेपण जास्त ऐकू येतं. घरात प्रार्थना मोडली म्हणजे त्यांचं दिवसातलं एकमेव काम गेलं. सुटीच्या रात्री तू त्यांच्याशेजारी बस, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

एक राहिलं. पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्या वर, तू एक ओळ लिहिलीस: "दोन महिने झाले, कारण नसताना रडू येतं, झोप लागत नाही." विश्वासाबद्दल चार पानं आणि याबद्दल एक ओळ. हे प्रार्थना कमी पडल्याने झालं असं धरून बसू नकोस. पेशंटने हेच सांगितलं असतं तर तू त्याला डॉक्टरांकडे पाठवलं असतंस. याच आठवड्यात दाखव, जमलं तर नवऱ्याला सोबत ने. आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
मावशी