शनिवारी झालेल्या मुलाचं नाव ‘क्वामे’ ठेवू का?

तुम्ही विचारलंय की मुलगा शनिवारी झाला, ‘क्वामे’ हे घानातलं नाव ऐकलं आणि आवडलं, तर ते ठेवावं का. या नावाची मोठी माणसं कोण, तेही विचारलंय. आणि शेवटी लिहिलंय की ‘वारावरून नाव ठेवणं हा अडाणीपणा आहे’ असं घरची मंडळी म्हणतात. मी लिहायला बसलो तो या शेवटच्या वाक्यामुळे.

मी तलासरी तालुक्यातला वारली. माझ्या बाचं नाव बुध्या. बुधवारी झाला म्हणून बुध्या. आमच्या पाड्यावर सोम्या होते, मंगळ्या होते, शुक्र्या होते, बायकांत बुधी, मंगळी होत्या. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. बाला शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी हे नाव रजिस्टरात लिहायला नकार दिला आणि स्वतःच्या मनाने एक ‘चांगलं’ नाव लिहून टाकलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते त्याचं नव्हतंच. जन्मतारीख १ जून. ज्यांच्या घरी तारीख लिहिलेली नसते त्यांच्या पोरांना महाराष्ट्रातल्या शाळा हीच तारीख देत आल्या आहेत. मलाही तीच मिळाली.

आयटीआय करून काही वर्षं वापीत काढली आणि मग घानात गेलो. टेमा बंदराजवळच्या एका पोलाद कारखान्यात फिटर म्हणून. तिथे आमच्या पाळीचा क्रेनवाला क्वामे. त्याच्याखालचा पोऱ्या क्वामे. स्टोअरमधला उंच माणूस, तोही क्वामे. आमच्यातल्या काही भारतीय सुपरवायझरांना याचं फार हसू यायचं. ‘या लोकांकडे सातच नावं आहेत’ असं म्हणायचे. मला हसू येत नव्हतं. माझ्या पाड्यावर तीन मंगळ्या होते आणि कुणाची गल्लत कधी झाली नव्हती.

सात नावं नाहीतच. पुरुषांची सात आणि बायकांची सात, आणि ती फक्त सुरुवात. अकान लोकांत, म्हणजे असांते, फांते, अक्वापिम, एन्झेमा वगैरे, मूल ज्या वारी जन्मलं त्या वाराचं नाव घेऊनच येतं असं मानतात. रविवारचा क्वासी, सोमवारचा क्वाद्वो, मंगळवारचा क्वाबेना, बुधवारचा क्वाकू, गुरुवारचा याव, शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे. मुली त्याच क्रमाने अकोसुआ, अद्वोआ, अबेना, अकुआ, या, अफुआ, अमा. याला ते आत्म्याचं नाव म्हणतात. त्याच्यापुढे बापाने दिलेलं नाव येतं, बहुतेक वेळा घराण्यातल्या एखाद्या मानाच्या माणसाचं. शिवाय कितवं मूल ते सांगणारी नावं असतात: मेन्सा म्हणजे तिसरा मुलगा, अन्नान म्हणजे चौथं मूल, अटा म्हणजे जुळं. कोफी अन्नान यांचं पूर्ण नाव कोफी अटा अन्नान होतं. त्यांना जुळी बहीण होती, आणि त्यांची जन्मतारीख, ८ एप्रिल १९३८, पंचांगात बघा, शुक्रवारच निघेल.

आता तो प्रसंग, ज्यामुळे हे सगळं माझ्या अंगाला लागलं. क्रेनवाल्या क्वामेला मुलगी झाली आणि त्याने मला नाव ठेवायच्या विधीला बोलावलं. तो आठव्या दिवशी असतो, पहाटे, ऊन पडायच्या आत. पहिले सात दिवस मूल पाहुणं समजतात, राहील की परत जाईल कुणाला ठाऊक, म्हणून त्याला घराबाहेर काढत नाहीत. आठव्या दिवशी ते राहिलं असं धरून बाहेर आणतात. अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, दोन्हीकडची मंडळी पांढऱ्या कपड्यांत होती. बापाकडच्या एका म्हाताऱ्याने मुलीला मांडीवर घेतलं, बोट पाण्यात बुडवून तिच्या जिभेला लावलं, मग दारूत बुडवून लावलं. दोन्ही वेळा तेच सांगितलं: पाणी असेल तर पाणी म्हण, दारू असेल तर दारू म्हण. मुलीने तोंड वाकडं केलं, सगळे हसले, आणि तिला अबेना म्हणून हाक मारली. मंगळवारची. आमच्याकडे मंगळी झाली असती.

मग चहा-पाव सुरू असताना एका म्हातारीने मला विचारलं, तुझा वार कोणता? क्वामेने इंग्रजीत सांगितलं, मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. तिथे हे नाव-गाव विचारल्यासारखंच विचारतात. मी म्हटलं, माहीत नाही. म्हातारीला ते कळेना. बाई मला लिहितावाचता येत नाही म्हणाली, तरी माझा वार मला ठाऊक आहे, आणि तू पासपोर्ट घेऊन विमानाने आलास. मला काय उत्तर द्यायचं सुचेना. माझं नाव आईने एका सिनेमाच्या नटावरून ठेवलेलं, तारीख शाळेने दिलेली. आमच्या घरात जन्माची एकच खरी नोंद होती आणि ती बाच्या नावात होती. मी म्हटलं, माझा वार नाही सांगता येत, पण माझा बाप बुधवारचा, त्याचं नावच बुधवार आहे. ती खुर्चीवरून उठली आणि मोठ्याने म्हणाली, क्वाकू! त्यांच्या गोष्टींतला अनान्से कोळी, सगळ्यांना हुशारीत मागे टाकणारा, तोही क्वाकूच. त्या दिवसापासून कारखान्यात मी ‘क्वाकू बा’ झालो. त्यांच्या भाषेत ‘बा’ म्हणजे लेकरू. बुधवारच्या माणसाचं लेकरू. परत येईपर्यंत मला दुसरं नाव नव्हतं.

म्हणून तुमच्या घरच्यांना माझ्याकडून सांगा की हा अडाणीपणा नाही, ही नोंद आहे. पुरावा हवा असेल तर क्वामे नावाच्या सर्वांत मोठ्या माणसाचाच घ्या. क्वामे एन्क्रुमा, घानाचे पहिले पंतप्रधान आणि मग राष्ट्राध्यक्ष. एन्क्रोफुल नावाच्या खेड्यात जन्मले. बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याने त्यांची तारीख २१ सप्टेंबर १९०९ अशी लिहिली, आजही त्यांचा वाढदिवस त्याच तारखेला धरतात. पण २१ सप्टेंबर १९०९ ला मंगळवार होता. एन्क्रुमांनी आत्मचरित्रात स्वतः लिहिलंय की ते शनिवारचे, म्हणून तारीख १८ असावी. १८ ला शनिवार येतो. म्हणजे शिकलेल्या पाद्र्याचा कागद चुकला आणि खेड्यातल्या आईने ठेवलेलं नाव बरोबर निघालं. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ पान उलटलं नाही.

त्यांनाही शाळेत-चर्चमध्ये फ्रान्सिस केलं होतं. अमेरिकेत शिकले तेही फ्रान्सिस म्हणूनच, आणि १९४५ मध्ये लंडनला आल्यावर ठरवून क्वामे झाले. ६ मार्च १९५७ ला देश स्वतंत्र केला तो क्वामे म्हणून. १९६१ च्या बेलग्रेडच्या अलिप्त देशांच्या परिषदेत नेहरू, टिटो, नासर, सुकार्नो यांच्या बरोबरीने बसले तेही क्वामे म्हणून. मी ज्या टेमा बंदरात काम केलं ते त्यांच्याच राजवटीत उभं राहिलं, अकोसोम्बोचं धरणही. विरोधकांना खटल्याशिवाय तुरुंगात टाकलं, एकपक्षीय राज्य केलं, हेही खरं. फेब्रुवारी १९६६ मध्ये ते परदेशात असताना सैन्याने त्यांना काढलं, आणि १९७२ मध्ये बुखारेस्टला वारले. घानात आजही घरोघरी या माणसावरून भांडणं होतात, मी ऐकली आहेत. नावावरून मात्र होत नाहीत.

दुसरे क्वामे अँथनी अपिया, आजच्या काळातले तत्त्वज्ञ, न्यूयॉर्कला शिकवतात. यांचा धागा थेट आपल्या इतिहासात येतो. १९४२ साली क्रिप्स योजना घेऊन भारतात आलेले सर स्टॅफर्ड क्रिप्स आपण शाळेत शिकलो. त्यांची मुलगी पेगी हिने घानातल्या कुमासी शहराच्या जो अपिया यांच्याशी १९५३ मध्ये लग्न केलं, त्या लग्नाचा तेव्हा केवढा गाजावाजा झाला. त्यांचा हा मुलगा ८ मे १९५४ ला लंडनमध्ये जन्मला, शनिवारी, म्हणून क्वामे. ब्रिटिश मंत्र्याच्या नातवाला वाराचं नाव ठेवताना त्या घराला लाज वाटली नाही. (जो अपियांना पुढे एन्क्रुमांनीच तुरुंगात टाकलं. आधी दोघे मित्र होते.)

तिसरे क्वामे टुरे. मूळ नाव स्टोकली कारमायकल, जन्म त्रिनिदादचा, अमेरिकेत १९६६ मध्ये ‘ब्लॅक पॉवर’ ही घोषणा त्यांनी गाजवली. नंतर गिनीत राहायला गेले आणि एन्क्रुमा व गिनीचे राष्ट्राध्यक्ष सेकू टुरे या दोघांची नावं जोडून घेतली. ते २९ जून १९४१ चे, म्हणजे रविवारचे. अकान हिशेबाने क्वासी व्हायला हवे होते. त्यांना वार सांगायचा नव्हता, कुणाचे आहोत ते सांगायचं होतं. अमेरिकेतले बरेच क्वामे असेच आहेत, बास्केटबॉलवाला क्वामे ब्राऊन धरून: वाराशी संबंध नाही, आफ्रिकेशी आहे.

आणि एक नाव ज्याचा फोटो कुठेच नाही. गुलाम करून जहाजांत भरलेल्या लोकांचं सगळं काढून घेतलं, पण वाराची नावं बऱ्याच जणांनी सोडली नाहीत. मळेवाल्यांच्या वह्यांत ती कफी, कजो, क्वाको अशी वाकडीतिकडी लिहिलेली सापडतात. क्वामीना हे फांते लोकांच्या क्वामेनाचं तसंच रूप. १८२३ मध्ये डेमेरारात, म्हणजे आजच्या गयानात, गुलामांचा उठाव झाला त्यात क्वामीना नावाचा सुतार होता. त्याला गोळी घालून मारलं. त्याच्या मुलाचं नाव जॅक ग्लॅडस्टन, आडनाव मळ्याच्या मालकाचं. बापाकडे वार होता, लेकाकडे मालक. आज जॉर्जटाऊनमधल्या एका रस्त्याला क्वामीनाचं नाव आहे.

माझ्या दादाला मी हे सगळं ऐकवलंय. दादा सरकारी नोकरीत. त्याचं म्हणणं, बुध्या नावामुळे आपलं नुकसान झालं. कारण असं की वनहक्काच्या दाव्यात जुन्या कागदांवर बुध्या आणि आधार कार्डावर गुरुजींनी दिलेलं नाव, दोन्ही एकाच माणसाची हे सिद्ध करता करता वर्षं गेली, प्रतिज्ञापत्रं झाली, बा थकला. दादा म्हणतो, नाव धड असतं तर हे झालं नसतं. अरे, नाव धडच होतं! ज्याने बदललं त्याने घोटाळा केला. बुध्या राहिला असता तर सगळ्या कागदांवर एकच माणूस असता. दादाने पोरांची नावं ठेवली ती शहरातल्या सोसायटीत खपतील अशी, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण बाच्या तेराव्याच्या पत्रिकेवर त्याने शाळेतलं नाव छापलं. पाड्यावरच्या अर्ध्या लोकांना कळलं नाही की गेलं कोण. यावर आमचं अजून बोलणं बंद आहे.

तर तुमचं काय करायचं. ठेवा. पण आधी मुलाच्या आजी-आजोबांना एन्क्रुमांच्या तारखेची गोष्ट सांगा. आणि वाराचंच नाव हवं असेल तर ते घानातूनच आणायला हवं असं नाही, पालघर-नाशिककडे अजून म्हातारी माणसं आहेत ज्यांना विचारता येईल. क्वामेच ठेवणार असाल तर जन्मदाखल्यावर, आधारवर, शाळेत एकाच अक्षरांत लिहा, इंग्रजी स्पेलिंगसुद्धा पहिल्या दिवशी ठरवा, आणि कुणी बाई किंवा सर ‘सोपं करून’ लिहितो म्हणाले तर जागेवर नाही म्हणा.

दोन गोष्टी राहिल्या. घाना म्हणजे फक्त अकान नव्हे. गा लोकांची, उत्तरेकडच्या लोकांची नावं ठेवण्याची रीत वेगळी आहे. एवे लोकांत मात्र अशी वाराची नावं चालतात. शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये तुम्हाला कुआमे भेटेल. आणि वाराबरोबर स्वभावही येतो असं तिथे मानतात, बुधवारचा तापट, सोमवारचा शांत. १९५४ मध्ये गुस्ताव जाहोदा या मानसशास्त्रज्ञाने कुमासीकडच्या बालगुन्ह्यांच्या नोंदी तपासल्या तर बुधवारची मुलं मारामारीत जास्त सापडली होती. लहानपणापासून ‘तू तापट’ ऐकवलं तर पोरगं तापटच होणार, यात वाराचा दोष नाही. माझा बा बुधवारचा, आवाज चढवलेला मी ऐकला नाही. तेव्हा नाव घ्या, स्वभावाचं लेबल घेऊ नका. शनिवार तर त्यांच्याकडे देवाचा वार आहे, परमेश्वरालाच ते ‘ओन्यांकोपोन क्वामे’ म्हणतात, आणि धरतीमातेला ‘असासे या’, गुरुवारची. आम्ही धरतरी म्हणतो, तिला वार नाही.

मूल शुक्रवारच्या मध्यरात्रीच्या आसपास झालं असेल तर दवाखान्याच्या कार्डावरची वेळ नीट बघून घ्या. बारा वाजून गेले नसतील तर तो कोफी आहे.