मुलींच्या खोलीत तिने यावे का?

प्रश्न : बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या गावी महिला मंडळाने वाचनालयामागची खोली दर शनिवारी दुपारी मुलींसाठी मोकळी ठेवली आहे. पंधरा-वीस मुली येतात, अभ्यास करतात, पाळीपासून स्थळांपर्यंत सगळे बोलतात. दोन महिन्यांपासून सोळा वर्षांचे एक मूल येते. दाखल्यावर मुलगा, पण स्वतःला मुलगी मानते. मुलींची हरकत नाही, दोन पालकांची आहे. आजी म्हणते, देवीची ओढ आहे, सौंदत्तीला यल्लम्माच्या देवळात सोडून येऊ. आम्ही काय करावे?
– मंडळाची एक सदस्य

उत्तर : तुम्ही ‘मूल’ लिहिले आहे, मी ‘ती’ म्हणते, कारण ती स्वतःला तसे मानते. तिला येऊ द्या. ज्या खोलीत कोणी ‘का आलीस’ असे विचारत नाही, तिथेच एखादी मुलगी दोन महिन्यांनी आपणहून बोलू लागते, आणि समुपदेशनाची खरी सुरुवात बहुधा अशीच होते.

हरकत घेणाऱ्या पालकांना मंडळात बोलावून जाब विचारू नका. त्यांच्या घरी जाऊन नेमकी भीती कसली आहे, ते ऐका. दोन प्रौढ महिला कायम हजर असणे, दाराला आतून कडी न लावणे, मोबाइलवर फोटो न काढणे हे नियम तिच्यासाठी वेगळे न करता सर्वांना सारखे लावावेत. पाळीविषयी बोलताना कोणा मुलीला संकोच वाटत असेल, तर त्या विषयासाठी वेगळी वेळ ठेवायला हरकत नाही, मात्र ते मुलींनी सांगावे, पालकांनी ठरवू नये. ‘इथले बोलणे कोणालाच सांगणार नाही’ असे वचनही देऊ नका. अठरा वर्षांखालील कोणी लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि हे मुलींना पहिल्याच दिवशी ठाऊक असावे.

आजीला वैरी समजू नका. तिच्याजवळच्या शब्दांत ‘देवीची ओढ’ हा एकच असा आहे की ज्यात नातवंड बिघडलेले ठरत नाही. यल्लम्माच्या परंपरेत जोगप्पांना, म्हणजे देवीला वाहिलेल्या आणि स्त्रीवेशात राहणाऱ्या भक्तांना, मान आहे, आणि डोईवर ‘जग’ म्हणजे देवीची परडी घेऊन निघालेल्यांना सीमाभागातील गावांनी आजवर पाणी दिले आहे. पण तो मान वेगळा आणि सोळाव्या वर्षी शाळा सुटून जोगव्यावर जगावे लागणे वेगळे. उद्या तिचे पोट कसे भरेल, ही आजीची काळजी असेल, तर कर्नाटक सरकारने २०२१ मध्ये राज्याच्या नोकरभरतीत तृतीयपंथीयांसाठी १ टक्का आरक्षण ठेवले आहे, हे तिला सांगा. शिक्षण पूर्ण असेल तरच त्याचा उपयोग.

समुपदेशकासाठी जवळच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. १० ते १९ वर्षांच्या मुलांसाठी राज्यात ‘स्नेहा क्लिनिक’ चालतात. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, भाषा निवडताना मराठी मागावी. आपली मुले बाजारात, शाळेत कन्नड सफाईने बोलतात, पण रडू आले की मराठीच येते. समुपदेशक केवळ कन्नड बोलणारा असेल, तर दुभाषी म्हणून गावातील मुलगी पाठवू नका, कारण संध्याकाळपर्यंत गोष्ट चावडीवर पोहोचलेली असेल. ‘सुधारून देतो’ म्हणणाऱ्या कोणत्याही डॉक्टरापासून दूर राहा. असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि घरातून तिला मारहाण होऊ लागली किंवा बळजबरीने कुठे पाठवले जाऊ लागले, तर १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे.

येत्या शनिवारी हजेरीवहीत तिला कोणते नाव लिहायचे आहे, ते हळूच विचारा. ते नाव घरी माहीत नसेल, तर ती वही वाचनालयाच्या कुलुपाच्या कपाटातच राहू द्या.